सुभेदार साहेबांची हार्ड डिस्क

तंजावरला पोस्टिंग आल्याचं कळताच कोर्समेट्सच्या ग्रुपवर सल्ल्यांचा पाऊस पडला. एकाने लिहिलं, सांबाराचा जन्म तिथलाच म्हणतात, वजन सांभाळ. दुसऱ्याने लिहिलं, उकाडा सांभाळ. आईने फोनवर एवढंच विचारलं, "म्हणजे आपल्याच माणसांत चाललास की रे?" तिचं म्हणणं तसं खरं होतं. 1670 च्या दशकात शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजी राजे इथे आले आणि 1855 पर्यंत, म्हणजे पावणेदोनशे वर्षांहून जास्त, इथे भोसल्यांची गादी होती. त्या काळात आलेल्या मराठी घरांचे वंशज आजही इथल्या रस्त्यांवर राहतात. नावं बऱ्याचदा 'राव'ने संपतात, जेवण पानावर तमिळ पद्धतीचं, आणि घरात मराठी.

त्यांतलेच एक सुभेदार साहेब. ईएमईमधून व्हेइकल मेकॅनिक म्हणून 1998 मध्ये निवृत्त झालेले, आता पंचाहत्तरीच्या पुढचे. माजी सैनिकांच्या मेळाव्यात पेन्शनच्या टेबलापुढे रांग होती. माझ्या छातीवरची नेमप्लेट वाचून ते थांबले आणि म्हणाले, "सर, महाराष्ट्र का?" वाक्याचा सूर शेवटाला तमिळसारखा वर गेलेला, पण शब्द अगदी स्वच्छ. म्हटलं, "हो साहेब. तुम्ही?" हसून म्हणाले, "आम्ही इथलेच. साडेतीनशे वर्षं झाली, अजून लोक विचारतात कुठून आलात."

त्यानंतर आमचं जाणं-येणं सुरू झालं. तिसऱ्या-चौथ्या भेटीत त्यांनी कापडी पिशवीतून धुतलेल्या पंचात गुंडाळलेली एक वस्तू काढली आणि टीपॉयवर ठेवली. एक हार्ड डिस्क. साडेतीन इंची, चाळीस जीबीची, मागे चाळीस पिनांचा रुंद सॉकेट असलेली. हल्लीच्या मुलांनी ती पाहिलेलीही नसेल.

"सर, हे कुठं दुरुस्त होतं का? इंजिन असतं तर मीच खोललं असतं."

त्या डिस्कमध्ये काय होतं ते सांगायला हवं. साहेबांच्या घरात एक काळी ट्रंक आहे. तिच्यात मोडी लिपीतले जुने कागद आहेत, घराण्याचे. वडिलांना मोडी येत होती. त्यांनी ती थोरल्या मुलाला शिकवली. धाकटा फौजेत गेला, त्याची शिकायची राहिली. थोरले बंधू शाळामास्तर होते. निवृत्तीनंतर, 2004 साली, त्यांनी एक सेकंडहँड कंप्युटर घेतला आणि रोज सकाळी पूजा आटोपली की एक-एक कागद वाचून देवनागरीत टाइप करायला बसायचे. सात वर्षं हे चाललं. 2011 मध्ये ते गेले. कंप्युटर घरात तसाच राहिला, कधीमधी नातवंडं त्यावर पत्ते खेळायची. मग नोव्हेंबर 2018 मध्ये गज चक्रीवादळ आलं. या जिल्ह्यातल्या नारळाच्या बागा त्या वादळाने आडव्या केल्या. वीज गेली, आली, पुन्हा गेली. त्या ये-जामध्ये एकदा कंप्युटरच्या डब्यातून जळका वास आला आणि तो गप्प झाला तो झालाच.

म्हणजे परिस्थिती अशी: मूळ कागद ट्रंकेत शाबूत, पण घरात ते वाचणारं कोणी नाही. आणि जे वाचलं गेलं होतं ते डिस्कमध्ये, आणि डिस्क मुकी. साहेबांना त्यातलं एकच हवं होतं. त्यांचं मूळ गाव कोणतं आणि कुलदैवत कुठलं, हे बंधूंनी एका कागदात वाचलं होतं. एकदा जेवताना ते सांगितलंही होतं. पण नाव कोणाच्या ध्यानात राहिलं नाही. जेवताना ऐकलेल्या गोष्टी कोण लिहून ठेवतं?

मी एनडीएत कंप्युटर सायन्सवाला. खडकवासल्याहून बाहेर पडताना हातात जेएनयूची बीएस्सी असते, आणि आमच्या वेळी खिशात 1.44 एमबीची फ्लॉपीही असायची. म्हणून साहेबांचा माझ्यावर भरवसा. खरं सांगायचं तर पदवीपुरतं शिकलेल्या माणसाला डिस्क चालते कशी हे ठाऊक असतं. बंद पडली की काय करायचं ते दुसऱ्याच माणसांना ठाऊक असतं. ती माणसं शोधणं एवढंच माझं काम होतं. ऑफिसच्या कंप्युटरजवळ तर ही वस्तू नेणंही शक्य नव्हतं. आमच्याकडे बाहेरचा साधा पेनड्राइव्ह लावला तरी कोर्ट ऑफ इन्क्वायरीला आवतण दिल्यासारखं असतं, हे फौजी वाचकांना सांगायला नको.

पहिला शोध गांधीजी रोडवर. तीन दुकानं फिरलो. तिन्हीकडे तरुण पोरं, अतिशय नम्र, आणि उत्तर एकच, "ओल्ड मॉडेल सार, न्यू एसएसडी पोडुंग." नवी घाला. त्यांना मी ड्राइव्ह दाखवत होतो, आणि मला हवं होतं ते आतलं. हा फरक समजावताना माझं तोडकंमोडकं तमिळ संपून जायचं.

दुसरा शोध त्रिचीला. तिथल्या एका गृहस्थाने ड्राइव्ह कानाशी धरून हलवली आणि सल्ला दिला, रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवा. हा सल्ला जगभर फिरतो. एके काळच्या काही ड्राइव्हमध्ये अडकलेला भाग थंडीने आकसून सुटायचा, म्हणून तो रुजला. पण फ्रीझरमधून काढलेल्या वस्तूवर दव धरतं. आतल्या तबकडीवरून वाचणारं हेड मिलिमीटरच्या अगदी सूक्ष्म अंशाएवढ्या अंतरावर तरंगत असतं. माणसाचा केस त्याच्यापुढे डोंगराएवढा. त्या फटीत पाण्याचा थेंब म्हणजे धावपट्टीवर उभा केलेला ट्रक. आभार मानले आणि निघालो.

तिसरा चेन्नईला. रजेवर जाताना तिथे गाडी बदलायची होती, मधला दिवस मोकळा होता. माउंट रोडलगतची रिची स्ट्रीट म्हणजे आपल्या मुंबईच्या लॅमिंग्टन रोडची दाक्षिणात्य बहीण. एवढीशी गल्ली, आणि तिच्यात केबल, कंडेन्सर, बोर्ड, बॅटऱ्या यांचे डोंगर. तिथून एका डेटा रिकव्हरीवाल्याचा पत्ता मिळाला. त्यांनी नीट तपासायचं कबूल केलं आणि अंदाज सांगितला: अडतीस हजार. त्यात काही वावगं नव्हतं. धूळ नसलेली खोली, यंत्रं, शिकलेली माणसं, सगळ्याला पैसा लागतो. पण साहेबांना फोन केला तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "नको सर. एवढ्यात मागच्या खोलीचं छप्पर होतं." डिस्क परत पंचात गेली.

मग ज्याने मार्ग काढला तो आमचा मेस हवालदार. बाराखान्याच्या दोन दिवस आधी आमचा अँप्लिफायर बसला होता आणि त्याने तो कुठूनसा एका संध्याकाळात दुरुस्त करून आणला होता. मी सहज विचारलं, कोणी केला? म्हणाला, "कीळवासलच्या मागे एक अण्णा आहेत साहेब. बोर्ड मेला असेल तर तेच बघतात, बाकीचे बदला म्हणतात." सुभेदार साहेबांच्या घरापासून हे दुकान चालत दहा मिनिटांवर!

दुकान म्हणजे आठ बाय दहाची खोली. भिंतीभर फळ्या आणि त्यांवर पोट फाडलेली यंत्रं. अण्णा साठीचे. रेडिओपासून सुरुवात, मग टेपरेकॉर्डर, मग टीव्ही, मग कंप्युटरचे मॉनिटर. जे जे बंद पडत गेलं ते ते शिकत गेले. साहेबांनी तमिळमध्ये सगळी हकीकत सांगितली. भावाची, कागदांची, वादळाची. अण्णांनी ड्राइव्ह उलटी केली, हिरवा बोर्ड पाहिला, मल्टिमीटरची दोन टोकं टेकवली आणि एकच शब्द बोलले, "पाक्कलाम." बघूया. तमिळनाडूत राहिलेल्यांना या शब्दाचं वजन कळेल. यात नकार नसतो आणि वचनही नसतं. काम मनावर घेतलं आहे, एवढं मात्र असतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला निदान समजावलं. बोर्डावर तांदळाएवढा एक भाग असतो. विजेचा दाब अचानक वाढला की तो स्वतः मरतो आणि बाकीच्यांना वाचवतो. फौजेत याला काय म्हणायचं ते वाचकांनी ठरवावं. तो तर गेलाच होता, पण या वेळी तबकडी फिरवणारी चिपही त्याच्याबरोबर जळली होती. तबकडी आणि हेड बहुधा ठीक असावेत, कारण मरण बोर्डावर आलं होतं. म्हणजे बोर्ड बदलायचा. पण कोणताही बोर्ड चालत नाही. तोच मॉडेल नंबर, तोच बोर्ड नंबर, तीच फर्मवेअर हवी. आणि तसा बोर्ड मिळाला तरी जुन्या बोर्डावरची आठ पायांची एक चिमुकली चिप काढून नव्यावर बसवावी लागते. प्रत्येक ड्राइव्ह कारखान्यातून निघताना तिच्या हेडची खास मापं त्या चिपमध्ये लिहिलेली असतात. ती नसली तर शेजारच्याचा चष्मा घालून पेपर वाचल्यासारखं होतं.

एका यंत्राचा भाग काढून दुसरं चालू करणं आम्हाला नवं नाही. दूरच्या पोस्टवर दोन नादुरुस्त गाड्यांमधून एक चालती करायची, हे कॅनिबलायझेशन साहेबांनी आयुष्यभर केलेलं. अण्णांचं बोलणं संपताच ते मला म्हणाले, "म्हणजे सर, एक दाता पाहिजे."

अण्णांनी कागदावर तीन नंबर लिहून दिले. तो कागद मी कोर्समेट्सच्या ग्रुपवर टाकला. वीस-बावीस वर्षांपूर्वी एकत्र घाम गाळलेली ही माणसं देशभर पसरलेली आहेत, काही निवृत्तही झालीत. एकाने पुण्यात जुन्या बाजारात विचारलं, एकाने लॅमिंग्टन रोड पालथा घातला, एकाने महूहून तीन वेगळ्याच ड्राइव्हचे फोटो पाठवले. बरोबर तीन आठवड्यांनी बेळगावच्या एका मित्राचा फोन आला. वडिलांचा जुना कंप्युटर माळ्यावर आहे, तिन्ही नंबर जुळतात. ड्राइव्ह स्पीड पोस्टने आली, सरकारी लोकरी मोज्यात गुंडाळून.

त्या तीन आठवड्यांत मी या विषयावर वाचत होतो, आणि वाचून जीव भांड्यात पडला, कारण या पेचात मोठमोठे अडकलेले आहेत. अमेरिकेने 1966 आणि 1967 मध्ये पाच ल्युनार ऑर्बिटर यानं चंद्राभोवती पाठवली. अपोलो कुठे उतरवायचं ते त्यांच्या फोटोंवरून ठरलं. ते फोटो दीड हजार रुंद चुंबकीय टेपांवर होते. टेपा सांभाळल्या गेल्या, पण त्या वाचणारी अँपेक्स कंपनीची कपाटाएवढी यंत्रं भंगारात निघाली. नॅन्सी इव्हान्स नावाच्या अभिलेख सांभाळणाऱ्या बाईंनी त्यांतली चार वाचवली आणि वर्षानुवर्षं स्वतःच्या घरी ठेवली. 2008 मध्ये काही जणांनी ती नासाच्या एम्स केंद्रातल्या एका बंद पडलेल्या मॅकडोनाल्डमध्ये नेली. जिथे बर्गर तळले जायचे तिथे बसून यंत्रं दुरुस्त केली आणि चंद्राच्या क्षितिजावरच्या पृथ्वीचा फोटो पूर्वी कधी नव्हता इतका स्पष्ट बाहेर काढला. यंत्राचं कौतुक आहेच. पण त्या बाईंनी ते सामान भंगारवाल्याला दिलं असतं तर? घरात चार कपाटं अडवून बसणाऱ्या बाईला शेजारी काय म्हणत असतील, याचाही विचार मनात येतो.

दुसरं उदाहरण आपल्या धंद्यातलं. अमेरिकेच्या अण्वस्त्रांना आदेश पोचवणारी एक यंत्रणा 2019 पर्यंत आठ इंची फ्लॉपीवर चालत होती. जगाने त्या फ्लॉपी केव्हाच टाकून दिल्या होत्या. ती यंत्रणा चालू राहिली, कारण तिच्यामागे बोर्ड हातात घेऊन डाग देणारे तंत्रज्ञ होते. त्या पगारपत्रकात ईएमईच्या उस्तादांसारखीच माणसं असणार.

बेळगावचा बोर्ड बसला ती संध्याकाळ. अण्णांनी गरम हवेच्या बंदुकीने चिप हलवली होती. पंखा बंद केला, कारण आवाज ऐकायचा होता. स्विच दाबला. आधी काही नाही. मग एक बारीक शीळ, हळूहळू चढत जाणारी, आणि शेवटी दोन हलक्या टिचक्या. हेड जागेवर आलं. साहेब उभे होते ते खाली बसले. म्हणाले, "इंजिन लागलं."

फाइल उघडायला माझा हात पुढे गेला तर अण्णांनी तो धरला. आधी पूर्ण नक्कल, मग बघणं. इतकी वर्षं बंद असलेली ड्राइव्ह किती वेळ चालेल याचा नेम नसतो. तिचा प्रत्येक मिनिट मोजका. फाइल उघडून कौतुक करण्यात तो घालवायचा नाही. सेक्टरमागून सेक्टर उचलायचा, जो वाचता येत नाही तो सोडून पुढे जायचं, आणि सगळं सोपं उचलून झालं की मग अवघड जागांकडे परत वळायचं. हे करणारं मोफत सॉफ्टवेअर आहे. कोणत्याही चांगल्या युद्धयोजनेसारखं ते चालतं: कठीण ठाण्यापाशी अडकून न राहता वळसा घालायचा. दोन रात्री आणि एक दिवस नक्कल चालली. वीज गेली तर म्हणून अण्णांनी दुकानातला इन्व्हर्टर फक्त तिच्यासाठी ठेवला. शेवटी काही शेकडो सेक्टर सोडून सगळं आलं.

आम्ही आनंदाने पहिली फाइल उघडली. पडद्यावर इंग्रजी अक्षरं, त्यांच्या डोक्यावर टिंबं आणि टोप्या, मध्येच पौंडाचं चिन्ह. साहेबांचा चेहरा उतरला. हे मात्र मला ठाऊक होतं. युनिकोड घरोघर पोचण्याआधी मराठी टायपिंगचे फाँट ज्याचे-त्याचे होते. 'क' कोणत्या क्रमांकावर ठेवायचा ते फाँट बनवणारा ठरवायचा. तो फाँट नसेल तर मजकूर असूनही नसल्यासारखा. पण बंधूंनी टाइप केलं त्याच कंप्युटरवर फाँट असणारच. नक्कल केलेल्या डिस्कमध्ये विंडोज 98 चं फाँटचं फोल्डर शोधलं. होता. तो माझ्या लॅपटॉपवर बसवला, फाइल पुन्हा उघडली, आणि त्या टोप्या-टिंबांच्या जागी एका दमात देवनागरी उभी राहिली. वरती तारीख, आणि खाली पहिलं वाक्य: कागद क्रमांक 1, वाचन पूर्ण.

बंधू शिस्तीचे होते. बासष्ट कागद, प्रत्येकाला क्रमांक, आणि तोच क्रमांक पेन्सिलीने मूळ कागदाच्या पाठीवर. मजकूर म्हणाल तर त्यात ना लढाई ना खलिता. घरखर्च, देणी-घेणी, लग्नाचा जमाखर्च, जमिनीची वाटणी. भाषा मराठी, पण जमीन मोजायची वेलीत आणि भात मोजायचं कलमात, ही मापं अस्सल कावेरीकाठची. दोन भाषांचा संसार एकाच कागदावर. एका जागी बंधूंनी कंसात लिहिलं होतं, "इथे अक्षर बाबांसारखं, ते लिहिताना बोलत असत." साहेबांनी ते वाक्य मला दोनदा वाचायला लावलं.

आणि वंशावळीचा कागद, क्रमांक 47? तो वाचलेल्या फाइलीत पहिला अर्धा भाग रिकामा. न उचललेले सेक्टर नेमके तिथे. अण्णांनी आणखी एक रात्र प्रयत्न केला. नाहीच निघाला.

मी काही बोलायच्या आत साहेब म्हणाले, "सर, पण सत्तेचाळीस नंबर आहे ना? मग कागद सापडेल." अगदी सरळ गोष्ट. आजवर त्या ट्रंकेत हात घालायचा तरी कुठे, हेच माहीत नव्हतं. आता माहीत झालं. कागद मिळाला, फोटो काढले, आणि पुण्यात मोडी वाचणाऱ्या एका परिचितांना पाठवले. ते कामात बुडालेले असतात, कारण पुण्याच्या दफ्तरखान्यात मोडी कागदांचा समुद्र आहे आणि पोहणारे मूठभर.

उत्तर येईपर्यंत एका रविवारी साहेब मला बृहदीश्वराच्या देवळात घेऊन गेले. मी आधीही गेलो होतो, पण मान वर करून शिखर बघण्यातच वेळ गेला होता. त्यांनी मला भिंतीपाशी नेलं. दुसऱ्या सरफोजी राजांनी 1803 मध्ये भोसले घराण्याचा इतिहास इथे दगडात कोरून घेतला, मराठीत, देवनागरीत. शब्दांमध्ये जागा न सोडलेली, ओळीमागून ओळ. सुरुवातीला मी चाचरलो, मग डोळ्यांना सवय झाली आणि शब्द सुटे होऊ लागले. दोनशेहून जास्त वर्षांपूर्वीचा मजकूर, आणि मधे ना बोर्ड, ना केबल, ना फाँट.

पण त्याच देवळाच्या भिंतींवर राजराज चोळाचे तमिळ लेखही आहेत, हजार वर्षांपूर्वीचे. आमच्या शेजारी एक तमिळ कुटुंब उभं होतं. त्यांना ते वाचता येत नव्हते, अक्षर फार बदललं आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ह्युल्श नावाच्या जर्मन पंडिताने ते वाचून छापले, तेव्हा हे देऊळ राजराजाने उभारलं हे पुन्हा पक्कं झालं. तोवर लेख भिंतीवर होतेच की! रोज हजारो माणसं त्यांच्यापुढून जात होती. दगड टिकला, वाचणारा मधे तुटला होता.

इथे मला या सगळ्या धडपडीचा अर्थ लागला. आपण वस्तू जपतो. ट्रंक जपतो, डिस्क पंचात गुंडाळतो, सीडीला डबी घेतो. पण वस्तू अर्धीच असते. तिचा उरलेला अर्धा भाग दुसरीकडे कुठेतरी असतो. यंत्रात, फाँटमध्ये, अण्णांच्या हातात, मोडी वाचणाऱ्या थोरल्या भावाच्या डोळ्यांत. तो अर्धा भाग गेला की जपलेली वस्तू नुसतं ओझं होते. साहेबांच्या घरी कागद पिढ्यान्‌पिढ्या टिकले, डिस्क चौदा वर्षं चालली. पण खिंडार पडलं ते 2011 मध्ये, बंधू गेले त्या दिवशी. वादळाने फक्त ते दाखवून दिलं.

पुण्याचं उत्तर दोन आठवड्यांनी आलं. कागद क्रमांक 47: मूळ पुरुष सैन्याबरोबर दक्षिणेत आला, कुलदैवत खंडोबा, मूळ गाव पिंपळगाव. तालुका-परगण्याच्या जागी कसरीने भोक पाडलेलं.

महाराष्ट्रात पिंपळगावं किती आहेत हे ज्याने नकाशावाचन केलं आहे त्याला विचारा. मी साहेबांना अगदी जपून सांगितलं. ते मिनिटभर गप्प राहिले आणि मग इतकं हसले की आतून वहिनी बाहेर आल्या. "बरं झालं सर. एकच असतं तर एकदा जाऊन आलो असतो. आता प्रत्येक पिंपळगाव आपलं." पुढच्या हिवाळ्यात आधी जेजुरी आणि मग जमतील तेवढी पिंपळगावं, असा बेत ठरला आहे. त्यांची नात कॉलेजात शिकते. ती पुस्तकावरून मोडी शिकते आहे. तिला मी फोनवर विचारलं, कुठपर्यंत आलं? म्हणाली, "अंकल, 'भात' वाचता येतो. सगळ्या कागदांत तोच आहे."

माजी सैनिक मित्रांना दोन शब्द. तुमच्याही ट्रंकेत असं काही असणार. पासिंग आउट परेडची कॅसेट, युनिटच्या रेझिंग डेची सीडी, एखाद्या साथीदाराचा आवाज असलेली जुनी डिस्क, जो साथीदार आता नाही. बंद पडलेली ड्राइव्ह टाकू नका, घरी खोलू नका, पुन्हा पुन्हा चालू करून बघू नका. चालू असलेली असेल तर आजच नक्कल करा, एक घरात आणि एक दुसऱ्या गावी. फाइलींबरोबर फाँटही ठेवा. फोटोत कोण कोण आहे ते मागे लिहा, कारण ती नावं सांगणारे तुम्हीच आहात. आणि मोठ्या दुकानाने नाही म्हटलं तर गल्लीत विचारा. प्रत्येक गावात एक अण्णा असतात, त्यांच्या दुकानाला बहुधा पाटी नसते.

अण्णांनी बिल केलं बावीसशे रुपयांचं, वहीच्या पानावर, भागांची आणि मजुरीची वेगळी रक्कम लिहून. साहेबांनी मोजून दिले. आमचा जळका बोर्ड मी केराच्या टोपलीत टाकायला निघालो तर अण्णांनी तो हातातून घेतला, त्यावर तीन नंबर लिहिलेला चिटोरा चिकटवला आणि वरच्या फळीवर ठेवून दिला. त्यातले दोन-चार भाग अजून चांगले आहेत, म्हणाले. कोणाला तरी लागतील.